व्याह्यांचं विमान

२०२३ साल उजाडलं तेव्हा मी बाहत्तर वर्षांचा होतो आणि आमचे व्याही माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. तोवरच्या आयुष्यात त्या माणसाने एकही गोष्ट पूर्ण केलेली नव्हती. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायची गरज पडावी असे आमचे व्याही नाहीतच. त्यांना पोहता येतं, पण एकाच बाजूने. तलावाच्या ह्या काठावरून त्या काठाला जातात आणि परत येताना काठाकाठाने चालत येतात. पेटी शिकायला गेले, तर उजव्या हाताची बोटं शिकून झाल्यावर डाव्या हाताचा भाता शिकायच्या आधी क्लास सोडला, त्यामुळे ते वाजवायला बसले की भाता मारायला दुसरा माणूस लागतो. इंग्रजी बोलायच्या वर्गात ते भूतकाळापर्यंत गेले, भविष्यकाळ राहिला, म्हणून उद्या येणार असले तरी फोनवर 'आय केम' म्हणतात. पेपरातल्या शब्दकोड्याचे आडवे शब्द भरतात, उभे सोडून देतात. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम म्हणून विणकाम सांगितलं, त्यातून एका बाहीचा स्वेटर झाला. थंडीत तो घालतात आणि उघडा हात पँटच्या खिशात ठेवतात. आमच्या लेकीच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी एका वाघाची गोष्ट सांगायला घेतली होती. वाघ झाडाखाली, ह्यांचे काका झाडावर. तेवढ्यात कुणीतरी पोहे आणले आणि व्याही उठले. लेकीच्या लग्नाला आता पाच वर्षं होऊन गेली, काका अजून झाडावरच आहेत.

विहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, ह्या सगळ्याला एका शब्दात बसवतात. अर्धवट. आपल्या भाषेत ह्या शब्दाची मोठी सोय आहे. वस्तूला म्हटलं तर काम राहिलंय, माणसाला म्हटलं तर डोकं राहिलंय. विहीणबाई तो अशा बेताने टाकतात की पाहुण्याला वाटावं त्या स्वेटरबद्दल बोलतायत. मी एकदा गमतीने विचारलं, "मग लग्न कसं पूर्ण केलं ह्यांनी?" तर म्हणाल्या, "भटजींनी केलं. चौथ्या पावलाला हे खुर्ची शोधायला लागले होते. भटजींनी उपरण्याला धरून सात पुरी करून घेतली."

तरी माणूस कामचुकार म्हणावा तर तसंही नाही. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली, स्टोअरकीपर म्हणून. आलेला माल लावायचा, मागितला तर द्यायचा, परत आला तर घ्यायचा. हे काम कधीच संपत नाही, म्हणून त्यांना मानवलं असं माझं मत आहे. त्या नोकरीच्या दोन सवयी त्यांच्या अंगाला राहिल्या. एक, जेवायला बसले की ताटाला आधी टिचकी मारून कान देतात. आवाज पसंत पडला तरच हात घालतात. आणि दुसरी, जगातली कुठलीही वस्तू समोर आली की आकाराप्रमाणे लावून ठेवतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बशीतले शेंगदाणे त्यांनी बोलता बोलता मोठे, मधले, बारीक असे तीन ढीग करून ठेवले होते. मंडळी, म्हणजे माझी बायको, आतून बघत होती. मला म्हणाली, "पोरगी चांगल्या घरान परली. दानं पन मोजून खातान."

आता विमानाकडे येतो. विहीणबाईंची बिल्डिंग जुनी झाली होती, ती पाडून नवी बांधायची ठरली, आणि जानेवारीअखेर सगळ्यांना घरं रिकामी करायची होती. मधल्या काळासाठी त्यांना डोंगरीला, म्हणजे मुंबईतल्या नव्हे, भाईंदरच्याच समुद्राकडच्या डोंगरी गावात, भाड्याने जागा मिळाली. हवा झकास, जागा लहान. विहीणबाईंनी कमरेला पदर खोचून सामान बघितलं आणि हुकूम काढला की ह्यांची एकही अर्धवट वस्तू डोंगरीला येणार नाही. भाता न येणाऱ्याची पेटी, एका बाहीचा स्वेटर, वेत अर्धाच विणलेली खुर्ची, दोनच पाय घासलेलं स्टूल, आडव्या शब्दांचे गठ्ठे, सगळं भंगारवाल्याला. व्याही दोन दिवस जेवले नाहीत. खरं म्हणजे दोन दिवस अर्धं जेवले, पण त्यांचं ते नेहमीचंच असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी माझी लेक मध्ये पडली. तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे. टेम्पो यायच्या आत एक वस्तू पूर्ण करून दाखवा. एकच. कुठलीही. मग तुमची सगळी अर्धवट पलटण मी माझ्या हातांनी टेम्पोत चढवीन."

व्याह्यांनी वस्तू निवडली ती कोणती, तर जावयांनी वडिलांच्या रिटायरमेंटला दिलेला खोका. त्याच्यात लढाऊ विमानाचे सुटे भाग होते, जोडून, रंगवून, हुबेहूब करायचं. नॅट म्हणतात त्याला. पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या लढाईतलं आपलं विमान. व्याही सांगतात, खरं विमानच एवढं लहान होतं की दुश्मनाला दिसायचं नाही. मी म्हटलं, "मग आपल्याला तरी सापडायचं का?" एकाहत्तरला ते शाळेत होते, खिडक्यांना काळे कागद लावलेल्या घरात बसून त्यांनी ह्या विमानावर निबंध लिहायला घेतला होता आणि सायरन वाजला. निबंध तिथेच राहिला. स्वेटरची दुसरी बाही विणली असती तर आठ दिवसांत काम झालं असतं. मी हे त्यांना सांगितलंही. म्हणाले, "व्याही, बाही पूर्ण केली तर लोक म्हणतील बाही पूर्ण केली. विमान पूर्ण केलं तर म्हणतील माणसाने काहीतरी केलं."

त्यात दुसरी अडचण निघाली. रंगाच्या, थिनरच्या वासाने विहीणबाईंना शिंका येतात, दहा दहा, बसल्या जागी. म्हणून कारखाना आमच्या ओटीवर आला. आमचं घर भाईंदरमध्येच, गोडदेवला, बैठं, चारी बाजूंनी बिल्डिंगी. बिल्डर येतात, चहा पितात, जातात. मी घर दिलेलं नाही आणि देणार नाही, पण तो विषय वेगळा. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, मग मिठागरात. त्यामुळे मला कुणी कागदावर अंगठा कुठे करायचा ते दाखवायला लागलं की माझं डोकं फिरतं. मला सही येते. असो. तर ओटी मोकळी होती आणि लेकीचे सासरे मागतायत म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

मुलीच्या सासऱ्याचा मान असतो. पण तो मान सणाला, लग्नाला, बारशाला करायचा असतो. व्याही रोज यायला लागले तर काय करायचं ह्याचा विचार आपल्या वाडवडिलांनी केलेलाच नाही. पहिल्या दिवशी मंडळीने वडे केले, कोलंबी केली, गादीवाली खुर्ची दिली, मी धुतलेला सदरा घालून समोर बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वडे. चौथ्या दिवशी मंडळी चुलीपुढून म्हणाली, "व्याही हाय का भारेकरू?" मग वडे गेले, चपाती आली. कोलंबी जाऊन बोंबील आले. पंधरवड्यात गादीवाली खुर्ची मी घेतली आणि व्याह्यांना पाट मिळाला. महिन्याने मंडळी त्यांना सांगू लागली, "व्याही, उठतावच हाय तं तो नळ बंद करा." आणि व्याही उठून नळ बंद करत. त्या दिवशी मला कळलं की आता ते पाहुणे राहिले नाहीत. पण ताटाला टिचकी मारणं मात्र शेवटपर्यंत चालू होतं. एकदा मंडळीने मुद्दाम ॲल्युमिनियमची थाळी ठेवली. व्याह्यांनी टिचकी मारली, थाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हिला बरं नाही."

कामाची सुरुवात मात्र त्यांनी अशी केली की तसली चूक फक्त स्टोअरकीपरच करू शकतो. त्या खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना विमानाचे भाग कैऱ्यांसारखे लटकलेले असतात. प्रत्येक भागाचा नंबर बाजूला चौकटीवर छापलेला. ज्याची पाळी येईल तोच तोडायचा आणि लावायचा. व्याह्यांनी पहिल्याच दिवशी सगळे भाग कातरीने तोडून घेतले, मंडळीच्या वाट्या मागितल्या आणि सगळ्यांची मोठे, मधले, बारीक अशी वर्गवारी करून टाकली. चौकटी त्यांनी स्वतः कचऱ्याच्या गाडीत नेऊन टाकल्या. परत येऊन हात झटकून म्हणाले, "आता कसं, एका नजरेत स्टॉक दिसतो." मग त्यांनी माहितीचा कागद उघडला. त्याच्यावर लिहिलं होतं, सात नंबर आठ नंबरला चिकटवा.

त्यानंतरचे कितीतरी आठवडे आमच्या ओटीवर विमान बांधणं चाललेलं नव्हतं, ओळखपरेड चालली होती. व्याही एक भाग चिमट्यात धरायचे आणि विचारायचे, "हे काय असेल?" मी माझ्या अकलेप्रमाणे सांगायचो. मंडळी येता जाता तिच्या अकलेप्रमाणे सांगायची, आणि तिला सगळी भाजीच दिसायची. पंखाखालच्या तेलाच्या टाक्या बघून म्हणाली, "ही शिराली कनाला?" तेव्हापासून आम्ही तिघं त्यांना शिराळीच, म्हणजे दोडकीच, म्हणतो. चाकं मंडळीच्या खोट्या मण्यांच्या वाटीत सापडली. बसायची खुर्ची व्याह्यांनी आधी शेपटीला लावली होती. मी म्हटलं, "मागे कोण बसणार?" तर म्हणाले, "कंडक्टर." आणि स्वतःच इतके हसले की चिमटा खाली पडला.

माझं आणि त्यांचं खरं भांडण झालं ते पंखांवरून. पंख लावून झाले तेव्हा मला दिसलं की ते टोकाला खाली झुकलेत. मी म्हटलं, उलटे लागलेत. ते म्हणाले, असेच असतात. मी म्हटलं, मी खाडीवर आयुष्य काढलंय, बगळे बघितलेत, सुरय बघितलेत, उडताना पंख खाली पाडून बसलेला पक्षी मी बघितलेला नाही. ते म्हणाले, हा पक्षी नाही. मी म्हटलं, मग उडतो कशाला? त्यांनी खोक्यावरचं चित्र दाखवलं. चित्रातही पंख खाली होते. मी म्हटलं, चित्र काढणाऱ्याने तुमच्यासारखंच उलटं लावलं असेल. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी जावयांनी मोबाइलवर खरं विमान दाखवलं, त्याचेही खालीच. पण माझं मत आजही तेच आहे. त्या विमानाने लढाई मारली ती पंख तसे असूनही मारली.

रंगाचं काम सुरू झालं आणि मग मात्र मला व्याह्यांचं वेगळंच रूप दिसायला लागलं. माणूस बसला की उठेना. चहा निवायचा. विमानाच्या पोटात बसतो त्या पायलटच्या समोर बारीक घड्याळं असतात. व्याह्यांनी दात कोरायच्या काडीने एकेका घड्याळात काटे काढले. मी म्हटलं, "वर काच बसली की हे आत कुणाला दिसणार?" ते मान वर न करता म्हणाले, "पायलटला." पायलटचं तोंड रंगवायला तीन संध्याकाळी गेल्या. एकदा हसरं झालं. ते पुसलं. "ड्युटीवर आहे तो," म्हणाले. एकदा घाबरलेलं झालं. तेही पुसलं. शेवटी जे झालं ते हुबेहूब विहीणबाईंसारखं दिसायला लागलं. मी ते बोललो. व्याह्यांनी निरखून बघितलं आणि तसंच ठेवलं. म्हणाले, "ह्या बरोबर पोचवतील."

विहीणबाई ह्या काळात अधूनमधून फोन करून मंडळीला विचारायच्या, "कुठवर आलं?" मंडळी सांगायची, "हात लागलं, पाय लागलं." तिकडून विहीणबाई म्हणायच्या, "थांबा. सोडतील बघा. ह्यांची सगळी कामं टिळ्यापर्यंत येतात आणि लग्न मोडतं." त्यांनी भंगारवाल्याला बोलावून पेटीला काय देशील तेही विचारून ठेवलं होतं. व्याह्यांना हे माहीत होतं. एका संध्याकाळी ब्रश धूत असताना ते मला म्हणाले, "व्याही, ती पेटी गेली तर जाऊ दे, पण ती गेली की मी शिकायचा राहिलो असं नाही होणार. मी शिकलोच नाही असं होईल." मी दुसरा ब्रश घेतला आणि धुवायला लागलो. मला असल्या वेळी बोलता येत नाही.

सव्वीस जानेवारीपर्यंत विमान झालं म्हणायला हरकत नव्हती. वर राखाडी रंग, काच बसलेली, शिराळी जागेवर. राहिली होती ती फक्त निशाणं. आपल्या हवाईदलाच्या विमानावर गोल असतात ना, मध्ये केशरी, भोवती पांढरा, बाहेर हिरवा. ते गोल कागदावर छापलेले येतात. वाटीत पाणी घ्यायचं, कागद भिजवायचा, वरची नाजूक पापुद्र्यासारखी चकती सुटी होते, ती अलगद सरकवून विमानावर बसवायची. वाळली की रंगासारखी दिसते. व्याह्यांनी दुपारपासून एकेक करून सगळी बसवली. शेवटची, डाव्या पंखावरची, वाटीत भिजत ठेवली आणि मागच्या दारी हात धुवायला गेले. मी ओटीवरच होतो, पण पेपर वाचत होतो, आणि मी पेपर वाचतो तेव्हा मनापासून वाचतो.

मंडळी आमच्या देवळात हळदीकुंकवाला निघाली होती. संक्रांतीचे दिवस. नवी साडी, गजरा, सगळं झालं होतं, फक्त टिकली सापडत नव्हती. तिने ओटीवर वाटी बघितली. वाटीच्या काठाला ओली, गोल, केशरी पांढरी हिरवी टिकली चिकटलेली. आणि दिवस सव्वीस जानेवारीचा. तिला वाटलं, लेकीने आणली असेल, हल्ली सणाप्रमाणे टिकल्या मिळतात. उचलली, कपाळाला लावली, बोटाने दाबली आणि गेली.

व्याही परत आले. वाटी रिकामी. पुढचा तास दीड तास आम्ही दोघं ओटीवर रांगत होतो. पाटाखाली बघितलं, माझ्या चपलांखाली बघितलं, पेपर झटकला. व्याह्यांच्या कपाळाला घाम. "एवढ्यासाठी अडणार," ते पुटपुटत होते, "एवढ्यासाठी. हिच्या तोंडचा शब्द खरा होणार." मी म्हटलं, "एक निशाण नसलं तर काय, डाव्या बाजूने बघायचंच नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत रांगायला लागलो.

इतक्यात मंडळी वाण घेऊन आली. खुशीत होती. बाया सगळ्या विचारत होत्या, टिकली कुठून घेतली. आम्ही दोघं गुडघ्यावर होतो तिथून वर बघितलं, तर तिच्या कपाळावर, बरोबर मध्यभागी, आपलं हवाईदल.

आता आमच्यासमोर पेच उभा राहिला तो सांगतो. सवाष्णीच्या कपाळावरची टिकली काढ म्हणून कोण सांगणार? व्याह्यांनी म्हणावं, तर ते परपुरुष, आणि सोयरे. मी म्हणावं, तर नवऱ्याने बायकोला कपाळ मोकळं कर म्हणण्याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मला अजून जगायचं होतं. व्याही उभे राहिले. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या कपाळाला लावली.

"वहिनी," ते म्हणाले, "ते आपलं... तुमचं तिथे जे आहे... ते मुळात पंखाचं आहे."

"कना पंखाचा?" मंडळी म्हणाली. "मी काय कोंबरी हाय?"

"विमानाचं," मी म्हणालो.

तिने हात कपाळाला लावला. मग वाटीकडे बघितलं, मग विमानाच्या उघड्या पंखाकडे. मी तिला इतक्या वर्षांत शरमलेली दोनदाच बघितली असेल. "सवाष्णीचे कपालावरचा मांगताव, व्याही," ती म्हणाली, पण आवाज हळू होता. आत गेली. आधी करंड्यातलं कुंकू बोटाने कपाळाला लावलं, मग त्याच्या वरून ती चकती नखाने सोडवायला लागली. पण तोवर ती घामाने, हळदीने कातडीला धरलेली. हातात आली ती तीन तुकड्यांत, आणि एक तुकडा कपाळावरच राहिला. व्याह्यांनी ते तुकडे तळहातावर घेतले, बघितले आणि सवयीने मोठा, मधला, बारीक असे लावून ठेवले. मग न जेवता गेले. टेम्पो अठ्ठावीसला येणार होता.

सत्तावीसला सकाळी मंडळी चहा न करता पिशवी घेऊन बाजारात गेली. टिकल्यांच्या दुकानात हिरवी मोठी मिळाली, केशरी बारीक मिळाली. पांढरी कुठे मिळेना. पांढरी लावतं कोण? चौथ्या दुकानातला पोरगा म्हणाला, "मौसी, सफेद टिकली कौन लगाता है?" मंडळी म्हणाली, "विमान लगाता हाय." त्याने घाबरून आतला डबा काढला, त्यात मिळाली. मखमलीच्या टिकल्या. घरी येऊन तिने व्याह्यांची वाटही बघितली नाही. हिरवीवर पांढरी, पांढरीवर केशरी, एकावर एक बसवून डाव्या पंखावर लावली आणि कपाळावर दाबतात तशी बोटाने दाबली. व्याही दुपारी तोंड पाडून आले. विमान बघितलं. लांबून बघितलं, जवळून बघितलं, बोट फिरवलं. मखमल जरा वर आलेली होती, बाकी सगळं बरोबर. मग बसले आणि मंडळीला म्हणाले, "वहिनी, आज थाळीत वाढा, कुठलीही चालेल."

संध्याकाळी विहीणबाई तपासायला आल्या, बरोबर माझी लेक आणि जावई. पाटावर विमान ठेवलं होतं. विहीणबाईंनी चष्मा लावला. चाकं फिरवून बघितली. काचेतून आत बघितलं, पायलटकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग बोट डाव्या पंखावर गेलं आणि तिथे थांबलं. बोटाला मखमल लागली. मी मनात म्हणत होतो, व्याही, आता तोंड उघडू नका.

"ते एक माझं नाही," व्याही म्हणाले. "माझं होतं ते हरवलं. हे वहिनींनी केलंय. टिकल्यांचं आहे. तेव्हा अर्धवटच धर."

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. माणसाने आयुष्यात एकदा पूर्ण करायचं आणि स्वतःच फोडायचं. मंडळी पदराशी चाळा करत होती. विहीणबाईंनी विमान उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"टिकल्या लावल्यात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळं झाल्यावर? शेवटी?"

"शेवटी."

"बाई साडी नेसते, केस विंचरते, बांगड्या भरते," विहीणबाई म्हणाल्या, "आणि सगळं झालं की टिकली लावते. टिकली लावली म्हणजे तयारी झाली. त्याच्यापुढे काही राहिलेलं नसतं." त्यांनी विमान पाटावर ठेवलं. "हे पूर्ण आहे."

जावयांनी टाळ्या वाजवल्या. मंडळी चहा टाकायला पळाली. व्याही मात्र विमानापुढे तसेच बसून राहिले. मग ब्रश उचलला, कुठे लावावा ते दिसेना, तो खाली ठेवला. "व्याही," मला हळूच म्हणाले, "आता ह्याला हातच लावायचा नाही का?" त्यांनी वाट्या गोळा केल्या, आकाराप्रमाणे एकात एक घातल्या आणि आत नेऊन दिल्या.

आता ते डोंगरीला असतात. लांब नाही, बस आहे, रिक्षा आहे. पण लेकीच्या सासऱ्याला यायला काहीतरी निमित्त लागतं, आणि मला बोलवायलाही लागतं, आणि निमित्त शोधत बसणं माझ्या स्वभावात नाही. ओटीवर राखाडी रंगाचा एक ठिपका राहिलाय. मंडळी रोज ओटी पुसते, तिथे आली की हात जरा उचलते. मी तिला विचारलेलं नाही.

राहिलं ते सांगतो. विमान पास झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी टेम्पो आला होता. विहीणबाईंनी बोलल्याप्रमाणे पेटी स्वतः उचलली, खुर्ची स्वतः उचलली, स्वेटर तेवढा व्याह्यांच्या अंगावर होता. लेक आणि जावई कपाटं घेऊन आधीच पुढे गेले होते. पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मध्ये मांडीवर देव घेऊन विहीणबाई, खिडकीशी विमान घेऊन व्याही. मागे सामान धरायला माणूस हवा होता. मला कुणी म्हटलं नव्हतं. मी चढलो आणि शब्दकोड्यांच्या गठ्ठ्यावर बसलो. रेल्वे ओलांडून टेम्पो मुर्धा, राई ही गावं मागे टाकत खाडीच्या रस्त्याला लागला, दोन्ही बाजूंना आमची जुनी मिठागरं, वारा समोरून. तेवढ्यात मला दिसलं की पुढच्या खिडकीतून एक हात बाहेर आलाय. उघडा, बाही नसलेला. हातात विमान. तो हात जरा वर जायचा, जरा तिरका व्हायचा, वळणावर टेम्पोबरोबर वळायचा. आतून विहीणबाईंचा आवाज येत नव्हता.

मी पत्र्यावर दोनदा थाप मारली. टेम्पो हळू झाला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "क्या हुआ चाचा, कुछ गिरा क्या?" खिडकीतला हातही थांबला.

"कुछ नहीं गिरा," मी म्हणालो. "रस्ता खाली हाय. जरा जोरसे ले."